डाव्या मडगार्डवरचा आरसा

हे मी रचून सांगतोय असं वाटत असेल, तर एवढंच म्हणतो... रचायचंच असतं, तर स्वतःला जरा बरं दाखवलं नसतं का?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रात्रबित्र नव्हती. गुरुवार, दुपारचे तीन. त्सुबामे गावातलं माझं वर्कशॉप.

मी जुन्या गाड्यांचे आरसे दुरुस्त करतो. दारांवरचे नाही. पूर्वी आमच्याकडे जपानमध्ये गाड्यांचे आरसे पुढे, दोन्ही मडगार्डांवर असायचे. ते.

ओबाताबाई पंच्याहत्तरीच्या. नवऱ्याची बाहत्तर सालची गाडी घेऊन आल्या होत्या, म्हणजे शेजाऱ्याने आणून सोडली होती. नवरा गेल्यावर मुलाने "टॅक्सीसारखी दिसते" म्हणून पुढचे आरसे काढले आणि दारांवर नवे बसवले. बाईंनी जुने शोधून काढले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

"काच तेवढी बदलू नका, तोगाशी-सान."

"पारा उडालाय हो कडेने."

"उडू दे. हे रोज सकाळी निघाले की मी फाटकाशी उभी राहायची. वळणापर्यंत हे डाव्या आरशात बघायचे मला. चाळीस वर्षं." मग खाली बघत म्हणाल्या, "शेवटच्या सकाळी भांडण झालं होतं. मी आतच बसून राहिले. हे वळणावर गाडी थांबवून किती वेळ वाट बघत होते म्हणे... संध्याकाळी घरी आलेच नाहीत. दवाखान्यातूनच गेले."

मी मान खाली घातली.

"आरसे बसले की एकदा फाटकाशी उभी राहीन. तेवढंच करायचंय मला."

आता लाज वाटण्यासारखं सांगतो.

साफसफाईसाठी काच बाहेर काढताना तिच्याभोवतीचं रबर आधी गरम पाण्यात मऊ करायचं असतं. माझ्या वडिलांनी हे मला शंभरदा बजावलं होतं. मी घाई केली, स्क्रू-ड्रायव्हर घातला...

कट्.

डावी काच मधोमध तडकली.

बाईंना फोन करायला हवा होता. मी काय केलं? दुसऱ्या एका भंगार आरशाची काच त्या मापाने कापली. कडेचा पारा ब्लेडने खरवडला, जुनी दिसावी म्हणून. आणि काम जमलं म्हणून खूशही झालो!

मग आरसे बसवले. हे आरसे एकट्याने लावता येत नाहीत. एकाने आत चालकाच्या जागेवर बसायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून हाताने वळवायचं. आत नेहमी माझी बायको बसते, यासुयो.

"झालं का तुमचं? मला घरात कामं आहेत," असलं काहीतरी पुटपुटत ती बसते. त्या दिवशी मी गाडीपुढे वाकलेलो असताना गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. आली, असं मला वाटलं.

उजवा आरसा लगेच बसला.

डावा वळवायला घेतला.

"दिसतंय का?"

"...नाही."

आवाज बसका होता. सर्दी झाली असेल.

थोडा आत घेतला. "आता?"

"दिसत नाही."

"अगं, चष्मा घातलायस का?"

मी काच फडक्याने पुसली.

थोडा वर केला. थोडा खाली. दहा मिनिटं तेच. मी वैतागलो. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

यासुयो.

"अहो, दाताच्या डॉक्टरकडे गर्दी आहे. अर्धा तास लागेल अजून."

मी फोन कानाला धरूनच मान वर केली.

सीटवर कुणी नव्हतं...

दार उघडून हात लावला. सीट गरम होती. ऊन तिथे येत नाही.

तेव्हा तरी खरं बोलायचं ना? नाही. शनिवारी मी गाडी घेऊन त्यांच्या घरी गेलो.

बाईंनी राखाडी किमोनो घातला होता, केस विंचरले होते. "तुम्ही वळणापर्यंत जाऊन या. मी फाटकाशी उभी राहते. दिसते का ते सांगा मला."

मी निघालो. डाव्या आरशात बघितलं. भिंत दिसत होती. फाटक दिसत होतं. त्याच्या बाजूचं पर्सिमनचं झाड, केशरी फळांसकट.

बाई नव्हत्या.

वळणावर मी गाडी थांबवली. पुन्हा बघितलं. कुणीच नाही.

आणि माझ्या मानेजवळ, अगदी हळू...

"दिसत नाही."

परत कसा आलो, आठवत नाही. माझ्या मनात एकच... काच! ती जुनी काच नाही म्हणूनच बाई दिसत नाहीत. बाई फाटकाच्या आत, घराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"दिसले का मी?"

"दिसलात ना. अगदी स्पष्ट. वाकून नमस्कार करत होतात."

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

"माझ्या गुडघ्याने दगा दिला," त्या म्हणाल्या. "मला उठताच आलं नाही. मी फाटकाशी आलेच नव्हते."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

म्हणजे गाडीत जो कुणी होता, तो खरं बोलत होता. खोटं फक्त मी बोललो. तिथे काचेचंही सांगता आलं असतं. तरी मी गप्प राहिलो.

आणि बाई? रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. "असं होय," म्हणाल्या, चहा दिला, सोबत मुळ्याचं लोणचं ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बसस्टॉपकडे पायी निघालो. मागून फाटक कुरकुरलं. भिंतीला धरत धरत बाई बाहेर आल्या असणार, मला निरोप द्यायला. माझ्यासारख्याला! आमच्याकडे अशा वेळी वळणावर थांबायचं असतं, मागे फिरून एकदा वाकायचं असतं.

मागे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

गाडीला मी कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्याच खिशात होती. लाजेपायी द्यायची राहिली होती.

वळण आलं. मी मागे फिरलो नाही. तसाच पुढे गेलो.

बाई अजून त्या घरात आहेत. किल्ली मी टपालाने पाठवली, सोबत चिठ्ठी लिहायला घेतली आणि फाडली. यासुयो विचारते, एकदा जाऊन का येत नाही?

जाईनही. पण निघताना पुन्हा ते वळण येणार. मी मागे फिरून बघितलं, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बाई, त्यांच्या नवऱ्याला दिसल्या नाहीत तशा, मलाही दिसल्या नाहीत तर...?