हिरव्या अक्षरांतला तो

त्याची-माझी पहिली भेट तेविसाव्या ओळीवर झाली. हसू नका. माणसं लग्नात भेटतात, बसस्टॉपवर भेटतात... मला तो कोडमध्ये भेटला.

२००५चा जानेवारी होता. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, होऊन चार दिवस झाले होते. रावपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर तारांवर फाटके पतंग अडकले होते आणि वारा नसतानाही त्यातला एखादा उगीच फडफडायचा. मी यशश्री, बावीस वर्षांची. वेबसाइट बनवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात नवीन लागले होते, अजून कायम झाले नव्हते. मालक मोहनरावकाकांनी काम दिलं— मराठी वधू-वर मंडळाची जुनी साइट नव्याने सजवायची. आणि त्याआधी, ती कुठल्या एडिटरमध्ये करायची ते ठरवायचं. एडिटर म्हणजे ज्यात पानांचा कोड लिहितात ते साधन. सुताराला रंधा, तसं आम्हाला ते.

"पुढच्या शनिवारपर्यंत सांग, बेटा," काका म्हणाले. "मला विचारशील तर तो ओढायचा-सोडायचावालाच सारो छे, चांगला आहे. माउसने चित्र ओढलं की कोड आपोआप तयार. तीनशे चाळीस पानं आहेत."

"आधी कुणी केली होती ही पानं?"

काका चष्मा पुसत बसले. "इंद्रनील आणि नयना. आपल्याच ऑफिसात होते. लग्न ठरलं होतं दोघांचं. गेल्या वर्षी पावागडहून येताना स्कूटरला ट्रकने..." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दोघंही गेली. तू बसतेस ती इंद्रनीलचीच खुर्ची."

मी त्या खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

एडिटर तीन होते. नोटपॅडमध्ये सगळा कोड एकाच काळ्या रंगात, डोळे फुटायची वेळ. दुसरा काकांचा लाडका. तिसरा फुकटचा, रंगीत— कोडचा प्रत्येक भाग वेगळ्या रंगात दाखवणारा. मी तिसऱ्यात एक पान उघडलं आणि तेविसाव्या ओळीवर हिरवी अक्षरं चमकली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी— 'इथला टेबल हलवू नकोस. पान कोसळेल.'

अशा ओळीला आम्ही कमेंट म्हणतो. साइट बघणाऱ्याला ती दिसत नाही, फक्त कोड उघडणाऱ्याला दिसते. मला कुणी 'नको' म्हटलं की मी हमखास तेच करते. टेबल, म्हणजे पानावरचा मजकूर तोलून धरणारी चौकट, हलवला. पान कोसळलं! निमूटपणे सगळं पूर्ववत केलं, खाली कमेंट लिहिली, 'बरोबर होतं तुमचं. सॉरी,' आणि संध्याकाळी फाइल सर्व्हरवर चढवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल सर्व्हरवरून उतरवली. माझ्या ओळीखाली एक नवी हिरवी ओळ होती.

'सॉरी कशाला? मीही हलवलाच होता.'

अंगावर सर्रकन काटा आला. ऑफिसात काका सोडले तर कुणी नव्हतं, आणि काकांना कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शहाण्या मुलीने तिथेच मशीन बंद केलं असतं. मी लिहिलं, 'तू कोण?'

उत्तर आलं, 'हे तू मला विचारतेस?'

खरंच की. त्याच्याच खुर्चीत बसून त्यालाच विचारत होते!

त्यानंतर मी रोज अर्धा तास लवकर येऊ लागले. भीती होतीच. मान वळवून मागे बघायचं धाडस व्हायचं नाही, पाठीमागून कुणीतरी पडद्यावर वाचतंय असं वाटायचं. तरी पण...

'तिकडे थंडी आहे का?' त्याने एकदा विचारलं.

'आहे. तुझ्याकडे?'

'आहे. पण तुझ्याइतकी नसेल.'

'माझी भीती वाटते तुला?' गंमत म्हणून मीच भुताला विचारलं.

'आधी वाटायची. आता फाइल उघडायच्या आधी भांग पाडतो.'

'माझ्याकडे तू हिरवा दिसतोस.'

'माझ्याकडेही तू हिरवीच होतीस. मी रंग बदलून घेतला. आता तू जांभळी आहेस. छान दिसतेस.'

रिकाम्या ऑफिसात मी एकटीच लाजले. जांभळी ओढणी आईच्या कपाटातून शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेले— कुणासाठी? हो, मी प्रेमात पडले होते. मेलेल्या माणसाच्या. त्यातही दुसरीशी लग्न ठरलेल्या!

पुढच्या आठवड्यात गुरुवारी काकांचा लाडका एडिटर वापरून पाहिला. एका पानाची नक्कल त्यात उघडली, एक फोटो ओढून ठेवला, सेव्ह केलं. पडद्यावर सूचना आली— अनावश्यक मजकूर काढून टाकला आहे. मी कोड उघडला. एकही कमेंट उरली नव्हती. हा एडिटर ठरला, की तीनशे चाळीस पानं अशीच चकाचक होणार होती. आणि तो कायमचा जाणार होता.

शुक्रवारी सकाळी पानाच्या अगदी शेवटी एक ओळ आली. 'शनिवारी संध्याकाळी सहा वाजता. सुरसागर तळ्याच्या कठड्याशी, न्यायमंदिरासमोर. येशील ना?'

मी ती ओळ तीनदा वाचली.

शनिवारी काकांनी विचारलं, "हं, काय ठरलं?"

"रंगीत एडिटर, काका. तिसरा."

"म्हणजे तीनशे चाळीस पानं हाताने करणार? होळीच्या आत?" काका गंभीर झाले. "बघ बेटा, मंडळाला तारीख दिलीय मी. नाही झालं तर तुला कायम करणं माझ्याच्याने होणार नाही. समजून बोल."

"समजूनच बोलतेय." घरी पहिला पगार अजून देव्हाऱ्यापुढे ठेवायचा होता, आणि मी एका भुताच्या चार ओळींसाठी नोकरी पणाला लावून बसले होते.

सहाला सुरसागरवर पोचले. पाणी काळंशार दिसत होतं, त्यावर कटलेले पतंग तरंगत होते. कठड्याशी पांढऱ्या शर्टातला एकजण पाठमोरा उभा होता. माझी चाहूल लागताच तो वळला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही— खाली पाहिलं, माझ्या पायांकडे. मी त्याच क्षणी त्याच्या पायांकडे बघत होते. भुताचे पाय उलटे असतात, हे आपल्याकडे लहानपणापासून कुणाला माहीत नसतं?

"सरळ आहेत," तो पुटपुटला.

"तुझेही..."

"तू नयना नाहीस?"

"तू इंद्रनील नाहीस?"

तो दिग्विजय होता. राहायला हरणीला, नोकरी रिफायनरीत, कोड लिहायचा नाद. मंडळाचे सेक्रेटरी दत्ताजीराव हे त्याचे मामा. त्यांनीच गेल्या वर्षी पासवर्ड दिला होता— ती दोघं गेली, त्या ऑफिसात आता साइट बघणारं कुणी नाही, तू घरून सांभाळ. नव्या सजावटीचं काम परत आमच्याच ऑफिसला दिल्याचं त्याला सांगायला मात्र मामा विसरले. तो संध्याकाळी फाइल उघडायचा, आणि तिथे एक मुलगी त्याला उत्तरं देत असायची.

"म्हणजे मला भूत समजून लाडात येत होतास?"

"अने तू? तू काय आरती ओवाळत होतीस?"

मी इतकी हसले की बाकावरचे आजोबा वळून बघायला लागले. तोही हसला. उजव्या गालावर खळी पडते त्याच्या.

"पण बरं झालं बोलावलंस," तो म्हणाला. "मला कधी धीर झाला नसता."

"मी कुठे बोलावलं? तू बोलावलंस. शेवटच्या ओळीवर."

"ती ओळ मी नाही लिहिली." त्याचं हसू मावळलं. "मला वाटलं, तू..."

वारा पडला होता, तरी पाण्यावरचे दोन पतंग हळूहळू सरकत आमच्यापासून लांब चालले होते. कधी कुणास ठाऊक, पण त्याचा हात माझ्या हातात होता. चांगला गरम होता.

"घाबरलीस?"

"हो."

"जाऊया घरी?"

"नको."

त्याने एक मोठा श्वास घेतला. "यशश्री, मी आज आईच्या पाया पडून निघालो. परत येईन की नाही, माहीत नव्हतं. तू जिवंत नाहीस असंच वाटत होतं मला... तरी आलो."

"मीसुद्धा," मी म्हणाले. "आणि नोकरीही घालवल्यात जमा आहे. तुझ्या ओळी पुसल्या जाऊ नयेत म्हणून तीनशे चाळीस पानं अंगावर घेतलीत, तीही हाताने."

"निम्मी माझी," तो लगेच म्हणाला. "उद्या रविवारच आहे."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. निघण्याआधी पाण्याकडे वळून इंद्रनील आणि नयना, ती ओळ लिहिणाऱ्या त्या दोघांना नमस्कार करावा असं दोघांच्याही मनात आलं. पण हात सोडायची इच्छा कुणालाच नव्हती. मग त्याचा एक आणि माझा एक, असे दोन तळवे जुळवून आम्ही नमस्कार केला.