केझायाची चिठ्ठी

तिच्या नावाची चिठ्ठी मी लिहिली होती की नाही, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. नसावी लिहिली. पण आता स्मरणावरही फारसा भरवसा उरलेला नाही.

जॉर्जियातल्या त्या कापसाच्या मळ्यावर मला कोर्टाने पाठवलं होतं. मालक-मालकीण तापाने गेले होते. गुलामांची वाटणी करायची होती : निम्मे मालकाच्या भावाला, रॅन्सम टॉलिव्हरला, निम्मे त्याच्या अनाथ मुलीला, लेटीला. नऊ वर्षांच्या लेटीला काकाने सांभाळायचं की मावशीने, हेही मीच ठरवायचं होतं. तिचं बरंवाईट झालं असतं, तर सगळा मळा काकाचा झाला असता.

"ऑर्फाबाईंना घरची मांजर सांभाळता येत नाही," रॅन्सम हसला.

"मांजर मेली तर मला मळा मिळत नाही, भावोजी," लेटीची मावशी ऑर्फा म्हणाली.

गुलाम उन्हात रांगेने उभे होते. यादी हाती घेऊन मी नावं चिठ्ठ्यांवर उतरवू लागलो.

"केझाया लिहू नका, वकीलसाहेब," रॅन्सम म्हणाला. "पोरीची दाई. मला पोरीजवळ फिरकू देत नसे. गेल्या आठवड्यात पळाली."

रांगेतल्या कुणी मान वर केली नाही. मागे विहिरीवर नव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. पाणी नासलंय, असं रॅन्समने न विचारताच सांगितलं.

चिठ्ठ्या अनाथ मुलानेच काढायच्या, अशी तिकडची रीत. चिठ्ठ्या मी माझ्या टोपीत टाकल्या आणि लेटीने तीत हात घातला. चिठ्ठी ओली निघाली. केझाया.

"माझीच चूक..." मी पुटपुटलो.

दुसरीही ओली. केझाया. टोपीतून कुजक्या पाण्याचा वास येऊ लागला.

"काका," लेटी हळूच म्हणाली, "दाईचा हात किती गार आहे..."

रॅन्समने तिला अशी थोबाडीत मारली की ती पायऱ्यांवरून खाली कोसळली. तोंडातून रक्त आलं. टोपी हिसकावून त्याने स्वतः हात घातला. मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत. माझी टोपी वीतभरही खोल नव्हती.

हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. हात बाहेर आला तेव्हा अंगठीचं बोट अंगठीसकट मुळापासून उपटलेलं होतं. टोपी कोरडी होती.

लेटीला मी मावशीकडे दिलं. न्यायाने की भीतीने, कोण जाणे. विहीर उघडा, एवढं म्हणायचं धाडस मात्र झालं नाही.

युद्ध झालं, गुलामी गेली, मळा विकला गेला. नव्या मालकाने विहीर उघडली, तेव्हा मी मुद्दाम गेलो. फळ्यांचे खिळे लाकडात गंजून बसले होते. त्यांना कधी कुणी हात लावलेला नव्हता. तळाशी एका बाईचा सांगाडा होता, कवटी मागून फुटलेली. उजव्या मुठीत बोटाचं एक हाड होतं, आणि त्यावर टॉलिव्हर घराण्याची अंगठी.