गुरुवारची गाडी

गॅरेजचा दरवाजा उघडत नसेल तर आधी वीज बघायची. मग रिमोटचे सेल. मग दरवाजा खाली बर्फानं जमिनीला चिकटलाय का ते. आणि सगळ्यात शेवटी मान वर करून स्प्रिंग बघायची. आर्वो लेहतोचा हा क्रम ठरलेला होता. उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीत त्यानं सगळं आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. यंत्र कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो वापरणारा, असं तो म्हणायचा.

त्या गुरुवारी दुपारी ब्रिटा डुलुथहून बसनं आली होती. ही त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या बहिणीची मुलगी. तिला तिथल्या इस्पितळात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं आणि तिची जुनी गाडी नेमकी आत्ताच कायमची बसली होती. मार्लिसची गाडी नुसती उभी होती. ती तू घेऊन जा, असं आर्वोनं आपणहून सांगितलं होतं.

मार्लिस डिसेंबरच्या सुरुवातीला गेली, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. जमीन तोवर गोठून दगड झाली होती. इकडे अशा वेळी खड्डा खणत नाहीत. शवपेटी दफनभूमीच्या दगडी कोठडीत ठेवतात आणि वसंतात माती सुटली की पुरतात. लोक येऊन गेले, कॉफी झाली, स्तोत्रं झाली, पण शेवटचं काम राहिलंच. ती गेली असं आर्वोला अजून धड म्हणता येत नव्हतं. निदान तिची गाडी तरी मार्गी लागावी, एवढं त्याच्या मनात होतं. गाडी गेली की आपल्यालाही थोडं पुढं सरकता येईल, अशी त्याची अटकळ होती.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायच्या दाराशी बुटांचा ट्रे होता. त्यात त्याचे बूट आणि शेजारी तिचे.

"मावशीचे बूटही नेऊ का?" ब्रिटानं विचारलं. "माझ्याच मापाचे आहेत."

"बूट राहू देत," तो म्हणाला.

हे दार त्यानं डिसेंबरपासून उघडलंच नव्हतं. त्याचा ट्रक बाहेर अंगणात असायचा, आणि गॅरेजमधली थंडी घरात कशाला घ्यायची? त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. मोटर घरघरली, दरवाजा बोटभर हलला आणि थांबला. वीज आहे म्हणजे. त्यानं लोखंडी सळईनं खालचा बर्फ फोडला. पुन्हा तेच. मग मोटरीची लाल दोरी ओढून दरवाजा मोकळा केला आणि दोन्ही हातांनी उचलून पाहिला. जागचा हलला नाही.

"काका, कुणाला तरी बोलवायचं का? ज्याला येतं असं कुणी?"

"बोलव की. तो येईल, वर बघेल आणि तुझा पहिला पगार घेऊन जाईल."

मग त्यानं वर पाहिलं. दरवाज्याच्या माथ्यावरची जाड स्प्रिंग मधोमध तुटली होती. दोन तुकड्यांमध्ये वीतभर फट पडली होती आणि तुटलेल्या टोकांवर तांबूस गंज धरला होता.

त्याला लगेच उलगडा झाला. कोठडीशी प्रार्थना झाली त्याच दिवशी, सगळे घरी परतले असताना, घरात कुठेतरी बंदुकीसारखा बार झाला होता. कुणी मान वर केली नव्हती. उणे तीसला इथली घरं अशीच तडकतात. वासे आकसतात, खिळे ओरडतात. आपण वाश्याचा आवाज समजलो आणि ती स्प्रिंग होती, असं त्यानं ब्रिटाला सांगितलं. एवढा अनुभवी माणूस आणि एवढा आवाज ओळखता आला नाही, म्हणून ती हसली. तोही हसला. बऱ्याच दिवसांनी.

"म्हणजे तेव्हापासून हा दरवाजा उघडलेलाच नाही?"

"दोन पैलवान आणले तरी उघडायचा नाही."

ब्रिटा गाडीच्या पलीकडं गेली होती. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "मग हे काय आहे?"

चाकांच्या वरच्या खोबणीत बर्फ साचला होता. रस्त्यावरचा, मीठ आणि मातीनं काळवंडलेला. हिवाळ्यात प्रत्येक गाडीला तो धरतो; उतरलं की माणूस सवयीनं एक लाथ मारतो आणि तो ढेकळासारखा पडतो. आर्वो म्हणाला, डिसेंबरचा असेल. त्यानं बुटाची टोच मारली. डिसेंबरचा बर्फ दगड झाला असता. हा भसकन पडला. त्यानं तुकडा हातात घेऊन अंगठ्यानं दाबला. मऊ होता, आतून ओला.

गाडीखाली पाणी सांडलं होतं. कडेनं नुकतं गोठू लागलेलं.

त्यानं हातमोजा काढून बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मोजा पुन्हा घातला.

"दरवाज्यावर ऊन पडतं दुपारचं," तो म्हणाला.

ब्रिटानं दरवाज्याकडं पाहिलं. दरवाजा उत्तरेला होता.

आर्वो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नवी स्प्रिंग घेऊन आला. ब्रिटाला त्यानं स्वयंपाकघरात थांबायला लावलं, कारण स्प्रिंगला पीळ देताना सळई हातातून सुटली तर जबडा जागेवर राहत नाही. तो शिडीवर चढला. दोन सळया आळीपाळीनं घालत पीळ चढवत गेला. हात स्थिर होते. हे काम त्याला येत होतं, आणि जे काम येतं ते करताना माणसाला भीती वाटत नाही.

मध्येच ब्रिटा फोन घेऊन दारात आली. फोनवर आयली होती. तळ्याच्या टोकाला एकटी राहणारी नव्वदीची म्हातारी. मार्लिस दर गुरुवारी तिला हॉटडिश नेऊन द्यायची, बटाटे आणि खिमा घालून भाजलेला, टॉवेलात गुंडाळून. आर्वोनं शिडीवरूनच फोन कानाला लावला.

"भांडं धुऊन ठेवलंय," आयली म्हणाली. "आज ती बसलीच नाही, ठेवलं आणि निघाली. विसरली भांडं."

मार्लिस गेल्याचं त्यानं तिला फोनवर सांगितलं होतं, एकदा नाही, दोनदा. तेव्हा ती नीट ऐकून घ्यायची, देव तिला शांती देवो म्हणायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भांड्याचा फोन करायची. वयानं डोकं असंच होतं. आर्वोनं येऊन नेतो म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणत होत्या?"

"भांडं न्या म्हणते."

अंधार पडायच्या आत काम झालं. बटण दाबलं तसा दरवाजा लोण्यासारखा वर गेला. ना खडखड, ना कुरकुर. आपल्या कामावर खूष होऊन त्यानं तो उगीचच वर-खाली केला. आता घरात बसून कळणारही नाही कधी उघडला ते, असं तो म्हणाला.

बॅटरी उतरली असेल म्हणून त्यानं ट्रकमधून वायरी आणून ठेवल्या होत्या. ब्रिटानं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागच्या सीटवर घडी केलेला एक टॉवेल होता. ब्रिटानं तो खिडकीतून त्याच्या हातात दिला.

"याला कांद्याचा वास येतोय, काका."

"कांद्याचा वास जात नाही."

"दोन महिने?"

"मोठ्या रस्त्याला लागलीस की हरणांकडं लक्ष ठेव," तो म्हणाला. "आणि पोचलीस की कळव."

ती पोचली आणि तिनं कळवलं. गाडी छान चालते म्हणाली. सोमवारी ती कामावर हजर झाली. आर्वोनं गॅरेज झाडलं, जमिनीवरचं मीठ धुऊन काढलं. ट्रक मात्र अंगणातच राहू दिला. त्या आठवड्यात त्याला झोप बरी लागली.

पुढच्या गुरुवारी सकाळपासून बारीक बर्फ पडत होता. जेवण करून तो कॉफी घेऊन खिडकीशी बसला होता. बऱ्याच दिवसांनी घर नुसतं घरासारखं वाटत होतं. फोन वाजला.

"आर्वो," आयली म्हणाली. आवाज चिडलेला होता. "गाडी कुणाला देऊन टाकलीस रे?"

"भाचीला दिली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? चालत आली बिचारी. इतक्या बर्फातून, हातात गरम भांडं घेऊन. तुला काही वाटतं की नाही?"

आर्वोनं कप खाली ठेवला.

"आयलीबाई, मार्लिस—"

"मी शेकोटीपाशी बसवलंय तिला. ब्लँकेट दिलंय. बोलत काही नाही. तिचे पाय मी हातात धरून चोळले." म्हातारी थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाजातली चीड गेली होती. "गरमच होत नाहीत रे. तू ये घ्यायला."

त्यानं फोन ठेवला. मग जे करण्यासारखं होतं ते त्यानं केलं. ट्रकची किल्ली घेतली. आतल्या खोलीत जाऊन कपाटातला तिचा जाड कोट काढला. खणातून लोकरीचे मोजे घेतले.

आणि बूट घालायला तो दाराशी आला.

दाराच्या फटीतून पायांना गार वारा लागत होता. त्यानं दार ढकललं. गॅरेजचा मोठा दरवाजा पूर्ण वर गेलेला होता आणि धुतलेल्या जमिनीवर बर्फ उडत येत होता.

ट्रेमध्ये त्याचे एकट्याचेच बूट होते. शेजारी तिचे असायचे त्या जागी वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं होतं, मिठानं पांढुरकं झालेलं. मागच्या गुरुवारचं असतं तर आतापर्यंत वाळून गेलं असतं; म्हणजे मधल्या दिवसांतही ते बूट बाहेर जाऊन आले होते.