बाबलमामाच्या डोक्यावरचे पहारेकरी

एक कोडं घालते, सोडवा बघू. एका माणसाचे केस चांगले कंबरेपर्यंत येतात. फक्त कानाच्या वर, एकाच जागी, पुरीएवढं गोल, गुळगुळीत टक्कल पडलंय. केस उचलून दुसरीकडे लावणारा यंत्रमानव समोर तयार आहे. मग मागचे थोडे केस उचलायचे आणि त्या पुरीवर लावायचे. झालं! सोपं ना? मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी तोंडावर आपटले.

तो माणूस म्हणजे माझा बाबलमामा. आमच्या कुडाळकडे दशावतारी नाटकं होतात आणि त्यांत बायकांची कामंही पुरुषच करतात. मामा राणी होतो. इतर नट टोप (खोटे केस) घालतात, मामा स्वतःच्या केसांचा अंबाडा घालतो. काय मिरवतो त्याबद्दल! आणि नेमके जत्रांचे दिवस तोंडावर आलेले असताना त्याला चाई (केस गोल चकतीसारखे गळण्याचा रोग) लागली. अंबाडा बांधला की ती पुरी उघडी पडायची!

"टोप घालून मी उभो रवचंय नाय," मामा म्हणाला. "घराक बसान!"

तो खरंच बसला असता हो. म्हणून मीच हट्ट करून त्याला उडत्या रिक्षेत कोंबलं आणि डॉक्टर सुलभा परबांच्या प्रयोगशाळेत नेलं.

तिथे टिकली होती. टिकली म्हणजे तळहातावर मावेल एवढा यंत्रमानव, सहा बारीक हातांचा. ती मामाच्या डोक्यावर चढली, टकलाभोवती फिरली आणि थांबली.

"इथे आत्ता केस लावता येणार नाहीत," ती म्हणाली.

माझा पारा चढला. "का नाही? मागे एवढे केस आहेत, ते काय शोभेला?"

"रागावू नकोस, तेजल. आधी बघ," डॉक्टर हसून म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या डोळ्यांवर आरपार चष्मा (त्वचेच्या आतलं मोठं करून दाखवणारा चष्मा) चढवला.

आई शप्पथ! मामाचं डोकं म्हणजे नुसतं डोकं नव्हतंच. खाली अख्खं रान होतं! प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या केशकूपात (मुळाभोवतीच्या इवल्याशा पिशवीत) बसलेलं, शेजारून रक्ताचे तांबडे ओहोळ वाहणारे. एवढं सगळं घेऊन मामा रोज बाजारात हिंडत होता आणि आम्हाला पत्ता नाही!

मग टकलाच्या कडेला नजर गेली. तिथे गोल गोल पेशी मुळांभोवती नुसती झुंबड करत होत्या.

"त्या कोण?"

"शरीराचे पहारेकरी," डॉक्टर म्हणाल्या. "रोगप्रतिकारक पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पेशी). त्यांचं काम बाहेरचा शत्रू ओळखायचा. चाईत त्यांची गफलत होते. घरच्याच केसांना त्या शत्रू समजतात."

"मग नवीन केस लावले तर?"

"तूच सांग."

मी पुन्हा त्या झुंबडीकडे पाहिलं आणि माझं तोंडच उतरलं. "त्यांनाही झोडपतील."

"शाब्बास! वयामुळे पडणाऱ्या टकलात मागची मुळं चिवट असतात, पुढे लावली तरी टिकतात. इथे पहारेकरीच खवळलेत. शिवाय केस लावताना होणाऱ्या बारीक जखमांनी ते आणखी खवळू शकतात."

"इथली त्वचा भाजली आहे," टिकली मध्येच म्हणाली. "काय लावलं होतं?"

मामा छताकडे बघू लागला. "बिब्बो," तो पुटपुटला. "किडो केस खाता, असा लोक सांगतत."

"अरे देवा! किडा नाही नि बिडा नाही," डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "बिब्ब्याने कातडी पोळते. पुन्हा हात लावाल तर बघा!"

"मग मुळं मेली काय हो?" मामाने विचारलं. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

डॉक्टरांनी मला चष्म्यातून टकलाच्या मधोमध बघायला सांगितलं. मी श्वास रोखून पाहिलं. मुळं होती! बारकी, मिटलेली, पण जिवंत.

"झोपलीत," डॉक्टर म्हणाल्या. "पहारेकऱ्यांना शांत करणारं औषध देते. मुळं जागी होतील अशी आशा आहे, पण वचन देत नाही. चाई बराच काळ शांत राहिली आणि तरीही जागा रिकामीच राहिली, तर केस लावायचा विचार करू."

म्हणजे जत्रांपूर्वी काही होणार नव्हतं. मामाने मोकळे केस गोळा करून अंबाडा बांधला. मग म्हणाला, "टोप खंय गावतलो?"

टोप कुठे मिळेल, असं मामा स्वतःहून विचारत होता! मला रडू आलं, खरंच सांगते.

पहिल्या जत्रेला टोप चढवताना त्याने आरशाकडे पाठ फिरवली. पण राणी बोलायला लागली आणि समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. केसांकडे कोण बघतंय!

शिमग्याच्या सुमारास एका दुपारी मामा तोंडाला रंग लावत होता आणि मी आरसा धरला होता. कानाच्या वर काहीतरी चमकलं. केस! पण पांढराशुभ्र. मी धावत डॉक्टरांना फोन लावला.

"असं होतं पुष्कळदा," त्या आनंदाने म्हणाल्या. "मूळ आधी जागं होतं, रंग देणाऱ्या पेशी मागाहून. आता पहारेकऱ्यांना घरचा केस ओळखायला शिकवता येईल का, ते आम्ही शोधतोय. ये मोठी होऊन मदतीला."

जाणारच आहे मी! पण आधी मामाकडे वळले. "मामा, काळा रंग लावू का त्याला?"

"नको गो! पांढरो असो नायतर हिरवो, माझो आसा," मामा म्हणाला. मग त्याने टोप उचलला आणि त्या एका केसाला धक्का लागू नये म्हणून बाजूने हळूच चढवला.