ओतून दिलेलं पाणी

पाण्याचे कॅन ट्रकमध्ये चढवताना म्हाताऱ्या नफ्तालीची रोजची कुरकुर चालू होती. "आपले पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात भटकले आणि सुटले. मी या टूसॉनच्या वाळवंटात निवृत्त होऊन आलो, आता मरेपर्यंत सुटका नाही."

"तू बोलत राहा," शिफ्रा म्हणाली. "कॅन काय, आपोआप चढतायत."

ओतिलियाला हसू आलं नाही. मांडीवर पाण्याची बाटली धरून ती दोघांच्या मधे बसली. तिचा धाकटा भाऊ एल्मेर ग्वातेमालाहून निघाला, सीमा ओलांडून या वाळवंटात शिरला, आणि तेव्हापासून त्याचा ना फोन ना निरोप. तिच्याजवळ या देशात राहायचे कागद नव्हते. सीमेच्या इतक्या जवळ पोलिसांच्या हाती लागली असती, तर तिची मायदेशी रवानगी ठरलेलीच होती. शिफ्रानं परोपरीनं समजावलं, पण पोरगी ऐकेना.

"गेलाय असं कळलं तर रडेन तरी, मावशी," ती म्हणाली. "नुसती वाट बघत कसं रडायचं?"

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, अंत्यविधी मंडळात शिफ्रानं उभ्या आयुष्यात कितीतरी बायकांच्या प्रेतांना अंघोळ घातली होती. माती दिल्याशिवाय सुतकाला बसता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सीमा ओलांडून येणाऱ्या वाटसरूंसाठी वाळवंटात पाणी ठेवलं म्हणून मधे तिच्यावर आणि नफ्तालीवर खटला झाला, तेव्हाही ती भर कोर्टात म्हणाली होती, "तहान काही कागद बघून लागत नाही, साहेब. आणि मेलेल्याला त्याचं नाव परत मिळणं हा त्याचा हक्क आहे."

सकाळ होती, तरी ऊन चटके देत होतं. पायवाटेवरच्या पहिल्या झाडाखाली त्यांनी गेल्या आठवड्यात कॅन ठेवले होते. असे कॅन एक तर कुणी पिऊन टाकलेले असतात, नाहीतर कुणी खुन्नसनं चाकूनं फाडलेले. आज ते होते तसेच ओळीत उभे होते. टोपणं घट्ट, कुठं साधा ओरखडा नाही. आणि आत थेंब नाही.

खालची माती मात्र ओली होती. जून महिन्यात इथं थुंकलं तरी बघता बघता वाळतं, आणि ही माती चिकचिकीत ओली. तिला पहिल्या पावसासारखा वास येत होता.

"पोराटोरांची टवाळी असेल," नफ्ताली म्हणाला.

"मग त्यांची पावलं कुठायत?"

पावलं नव्हती. शिफ्राला ब्रुकलिनचं लहानपणीचं घर आठवलं. शेजारचा शिंपी गेला त्या दिवशी तिच्या आईनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. किटली, बादली, फुलदाणीसुद्धा, घरात साठवलेलं सगळं पाणी तिनं रस्त्यावर ओतून दिलं. मरणाची बातमी तोंडानं सांगायची नाही. मेलेल्याच्या घरचं आणि आजूबाजूच्या घरांतलं पाणी ओतायचं, बघणाऱ्याला काय ते कळतं.

"शिफ्रा..." नफ्तालीचा आवाज खाली आला होता. "तुझ्या मनात जे आलंय..."

"बोलू नकोस."

ओतिलिया दोघांकडे बघत राहिली. तिला कुणीच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या ठिकाणीही तेच, फक्त ओल जास्त. तिसऱ्या ठिकाणी, कोरड्या ओढ्यातल्या खडकापाशी, वाळूवरून पाण्याची बारीक धार सरकत चालली होती. पाखरू बोलत नव्हतं. पुढं कुठंतरी पाणी ओतल्याचा आवाज येत होता... सलग, सावकाश. ते त्या आवाजामागून चालत गेले. वळणावरच्या झाडाखाली आवाज थांबला.

तिथं पडलेल्याचा चेहरा ओळखू येण्यापलीकडे गेला होता. कमरेचा पट्टा मात्र ओतिलियानं स्वतः विणलेला होता.

ती ओरडली नाही. तिनं आपल्या बाटलीचं टोपण काढलं आणि त्याच्या अंगावर पाणी ओतलं, धार मधे तुटू न देता, शेवटच्या थेंबापर्यंत. प्रेताच्या अंघोळीचं पाणी अस्संच ओततात, आणि हे या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. शिफ्रानं आपल्या गळपट्टीला हात घातला आणि सुतकाच्या रिवाजानं सदरा टर्रकन फाडला.

एल्मेरला नाव मिळायचं तर पोलिसांना कळवणं भाग होतं.

"तू हिला घेऊन जा," नफ्ताली म्हणाला. "मी बसतो याच्याजवळ. त्याला एकटं नाही सोडायचं."

ओतिलियानं नकारार्थी मान हलवली आणि भावाशेजारी जमिनीवर बसली. शिफ्राला फार भीती वाटली, पण तिला उठ म्हणायची छाती झाली नाही. तिनं पोलिसांना फोन लावला.

पोलीस आला तो एकटाच, धिप्पाड, घामानं निथळत. "ही कोण?"

"मयताची बहीण. सुतकात आहे," शिफ्रा म्हणाली. "सुतकातलं माणूस आधी बोलेपर्यंत समोरच्यानं बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे."

"कागद विचारायचे, अशी आमच्यात रीत आहे, बाई."

असं म्हणून त्यानं पाणी प्यायला खिशातली बाटली काढली. नवी कोरी बाटली, सील शाबूत. ती रिकामी होती. त्यानं ती हलवून पाहिली, उन्हात धरून पाहिली. तेवढ्यात त्याच्या गाडीकडून ठिबकल्याचा आवाज आला. मागच्या खोक्यातल्या सगळ्या बाटल्या सीलबंद, आणि सगळ्या कोरड्या. गाडीच्या फळीखालून निघालेली ओल वाळूत पसरत होती. ती झाडाकडे येत नव्हती. ती टेकाड चढत होती... वर, पलीकडे.

पोलिसानं हॅट काढली. एल्मेर तर सापडला होता. मग हे पाणी कुणासाठी?

ओतिलियानं मान वर केली.

"अजून कुणीतरी आहे," ती म्हणाली.

कागद विचारायचे राहूनच गेले. हॅट हातात धरून तो त्या ओलीच्या कडेकडेनं टेकाड चढून गेला. माथ्यावर पोचल्यावर थबकला. त्यानं समोर बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे, लांबवर. ओल कुठं कुठं गेली होती, ते तिथून दिसत असणार.

"किती आहेत?" शिफ्रानं खालून विचारलं.

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. तोंडानं काही सांगितलं नाही.