मनगटाची घाई

मी चिडून चेंडू भिरकावला, आणि तो नेमका समोरच्याच्या चहात पडला.

जळगावच्या त्या दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या मयुरी मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. स्पंजचा चेंडू मुठीत दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा... वैताग आला होता मला!

"गोळाफेक का?" त्यानं शर्टावरचा चहा झटकत विचारलं.

मी चमकले. "कसं ओळखलं?"

"ओळखलं कुठे? लागलं."

मला हसू आलं. खरंच, पोलीस भरतीच्या सरावातच गोळा हातातून निसटला आणि मनगट मागे वळलं. मुरगळलं असेल म्हणून आईनं तेल चोळलं, पण दुखणं थांबेना. मनगटातली दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन करून ते हाडाला टाचलं, आत तारा घातल्या. तारा आता निघाल्या होत्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "जोड अजून कच्चा आहे. हातावर भार द्यायचा नाही."

त्याचं नाव अभिमन. धुळ्याजवळच्या गावाचा, घरी म्हशी. दावं अंगठ्यात अडकलं, म्हशीनं हिसडा दिला आणि अंगठ्याचं लिगामेंट तुटलं.

"आता दूध कोण काढतं?"

"आई. पण म्हैस पान्हाच चोरते. आई रोज म्हणते, तुनी म्हैस शे, तूच पाह्य."

"माझ्यासारखीच आहे. हट्टी."

"हो," तो म्हणाला, "पण ती चेंडू फेकत नाही."

मग दर मंगळवारी आम्ही समोरासमोर. मी आमच्याकडचं 'मले' म्हटलं की तो त्यांच्या अहिराणीतलं 'माले' म्हणून चिडवायचा. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. त्याचा अंगठा करंगळीपर्यंत पोचला, त्या दिवशी मीच टाळी वाजवायला गेले... आणि कळवळले.

आणि भरतीची तारीख आली. फार लवकर!

"या खेपेला नाही जमलं तर स्थळं पाहू," माझे वडील, आबा, म्हणाले. रावेरकडे आमची केळीची बाग. दुपारी मी एकटीच बागेत गेले, मनगटाचा पट्टा सोडला आणि गोळा उचलला. खांद्यापर्यंतही गेला नाही. कळ कोपरापर्यंत चढली.

मंगळवारी मी ओढणीखाली हात लपवला. तरी अभिमननं पाहिलंच.

"काय केलंस?"

"काही नाही."

"मोहिनी..." त्यानं तळव्याखाली हळूच हात धरला. "सुजलंय. डॉक्टरांना तू सांगतेस की मी सांगू?"

"तुला काय करायचंय?"

तो खिडकीकडे बघायला लागला. "मला... मंगळवार सोडून दुसरा वारच आठवत नाही आजकाल."

मी उठले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. एक्स-रे निघेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. हाडं जागेवर होती, जोड टिकला होता. डॉक्टर मात्र खूप रागावले. "ही भरती सोड. नाहीतर कायमचं मनगट सोड."

भरतीच्या दिवशी मैत्रिणींचे मैदानावरचे फोटो येत राहिले. अंगणात फेऱ्या मारल्या, भांडी घासून ठेवली, तीच पुन्हा घासली. शेवटी बस धरली. जळगावला उतरले, आणि धुळ्याच्या गाडीत बसले.

त्याच्या गावात घर विचारत पोचले, तेव्हा अभिमन गोठ्यात होता. मला बघून हातातली पेंढी तशीच राहिली.

"तू?"

"घरात बसवेना."

तेवढ्यात आबांचा फोन. "कुठी हायेस?"

मैत्रिणीकडे आहे म्हणता आलं असतं. "आबा, धुळ्याजवळ. अभिमनच्या घरी. मला तो आवडतो. आणि पुढची भरती मी देणारच. स्थळं पाहू नका."

आबा खाकरले. "घरी ये संध्याकाळपर्यंत. अन् त्याले म्हन, रयवारी मले भेटून जाय."

फोन कट. अभिमन जागीच उभा, कान लाल.

"रागावलेत?"

"काय माहीत. रविवारी बोलावलंय."

"येतो," तो म्हणाला. मग हळूच, "त्यांच्या आधी मला सांगायचं होतंस ना..."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"आता सांगतो. आवडतेस. खूप."

आतून त्याची आई, धुरपदाबाई, ओरडली, "अभिमन, पोरगीले जेवाले बलाव!"

ताटात गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत. मी उजव्या हातानं घास मोडला. दुखलं नाही. धुरपदाबाईंनी मला दुसरी भाकरी वाढली, तरी अभिमनची पहिली तशीच. त्या मिश्कील हसल्या आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर निघून गेल्या.