भिंगापलीकडची

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून मी कुणाची शपथ घेणार नाही. शपथा खोटारडेच जास्त घेतात, हे मला या प्रकरणातून चांगलंच कळलंय.

हे माझ्या सख्ख्या आतेबहिणीच्या बाबतीत घडलं. तिच्या तोंडून मी ते कितीतरी वेळा ऐकलंय, आणि दर वेळी तसंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आणि हो, अमावास्या, मध्यरात्र असलं काही शोधू नका. थंडीतला शनिवार होता. सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. बाहेर लख्ख ऊन.

जागा म्हणजे शाळेची प्रयोगशाळा. तळमजल्यावरची, मैदानाकडे तोंड असलेली.

या बहिणीला घरात सगळे टिटवी म्हणायचे. कारण सोपं आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत हिचं एकच चालायचं, "हे असं का? ते तसं का?" आत्या वैतागून म्हणायची, "अगं, मध्ये श्वास तरी घेत जा!"

टिटवी तेव्हा दहावीत होती. पुढे सायन्सला जायचं, हे तिच्या मनाने कधीच घेतलं होतं. तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या आतोबांचं, शिवणकामाचं दुकान. त्यांनी साफ सांगितलं होतं, "तुझ्या सरांनी शिफारस दिली तर खुशाल जा. नाही दिली, तर निमूट मशीनवर येऊन बसायचं. मग कुरकुर ऐकणार नाही."

शिफारस विज्ञानाच्या सरांच्या हातात होती. वर्गातून एकाच नावाची.

टिटवीला त्याची काळजी नव्हती. सरांचा तिच्यावर जीव होता, आणि तिचा सरांच्या शब्दावर. सर नेहमी म्हणायचे, "पुस्तकात काय छापलंय ते मला सांगू नका. तुम्हाला काय दिसलं, ते सांगा."

तर त्या शनिवारी सरांनी दोघींना थांबवून घेतलं. टिटवीला आणि तिच्या जोडीदारणीला. ही जोडीदारीण म्हणजे गोटी. बुटकी, गोल, हसरी. पहिलीपासून दोघींचा एकच बाक. बाहेरचे परीक्षक यायचे होते, त्यांच्यासमोर भिंगाचा प्रयोग करून दाखवायचा होता.

प्रयोग तुम्हीही केला असेल. खोलीतल्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे, एकच खिडकी उघडी ठेवायची. एकीने भिंग खिडकीसमोर धरायचं, दुसरीने त्यामागे पांढरा पुठ्ठा. पुठ्ठा मागेपुढे केला, की बाहेरचं दृश्य त्यावर उमटतं. अगदी रंगांसकट. फक्त लहान आणि उलटं.

सर सामान लावून देऊन ऑफिसात गेले.

गोटीने भिंग धरलं. टिटवीने पुठ्ठा सरकवला. वीतभर अंतरावर चित्र स्वच्छ झालं. उलटं मैदान, उलटं फाटक, फाटकाशेजारचं उलटं झाड.

आणि फाटकाजवळ... कुणीतरी उभं होतं.

"ही कोण गं लटकलीय वटवाघळासारखी?" गोटी हसली.

दोघींनी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं.

फाटकाजवळ कुणीही नव्हतं.

पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहिलं.

होती... शाळेच्या गणवेशातली मुलगी. नखाएवढी. डोकं खाली, पाय वर.

गोटीने भिंग रुमालाने पुसलं. तरी ती होतीच. टिटवीने भिंग फिरवून बघितलं. काचेवरचा डाग असता, तर तोही फिरला असता. ती मुलगी फिरली नाही. पुठ्ठा उलटा केला. मग पुठ्ठा टाकून वहीचा कोरा कागद धरला.

त्यावरही ती होती.

फक्त आता फाटकाजवळ नव्हती... मैदानाच्या मध्यावर आली होती.

मैदानावरच्या नळाला गळती होती. त्याची टपटप वर्गात बसूनही ऐकू यायची, वर्षानुवर्षं. टिटवीच्या तेव्हा लक्षात आलं.

टपटप थांबली होती.

चिमण्याही गप्प होत्या.

तेवढ्यात सर आत आले. टिटवीला हायसं वाटलं. एका दमात तिने सगळं सांगून टाकलं, "सर, बाहेर कुणी नाही, पण पुठ्ठ्यावर एक मुलगी दिसतेय. आम्ही भिंग फिरवून पाहिलं, कागद बदलून पाहिला..."

सर हसायला गेले. पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "एका पायात बूट नाही ना?"

बुटाबद्दल टिटवी काही बोललीच नव्हती. तिने स्वतःही बघितलं नव्हतं.

तिने आता वाकून बघितलं.

एक पाय... अनवाणी होता.

सरांनी खाली टाकलेला पुठ्ठा उचलून भिंगामागे धरला. पापणी लवली, की ती मुलगी मोठी झालेली असायची. झाड पुसट होत गेलं. फाटक पुसट झालं. ती मात्र स्पष्ट. आधी सगळी दिसत होती, मग कमरेपर्यंत, मग नुसता चेहरा.

सर पुठ्ठा मागे मागे नेत होते.

पुठ्ठा मागे न्यावा लागतो, याचा अर्थ दहावीच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतो. वस्तू जवळ येतेय.

शेवटी पुठ्ठ्यावर एक चेहरा होता, खऱ्या माणसाच्या चेहऱ्याएवढा. उलटा. ओठ हलत होते.

आणि मग पुठ्ठा एकदम कोरा झाला.

"गेली!" गोटी म्हणाली. तिने सुटकेचा श्वास सोडला.

टिटवीच्या मात्र अंगावर सरसरून काटा आला. हाच नियम सरांनी तिच्याकडून घोकून घेतला होता. वस्तू भिंगापासून वीतभराच्या आत आली, की पडद्यावर चित्र पडतच नाही.

ती गेली नव्हती.

गोटीच्या हातातल्या भिंगावर... खिडकीकडच्या बाजूने... हळूहळू वाफ धरली. कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी.

गोटी किंचाळली. भिंग खाली पडून फुटलं.

आणि सर पळाले.

दोघींना घेऊन नाही. एकटे पळाले. दार धाडकन आपटलं, आणि बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

खट्ट.

"सर! आम्ही आत आहोत!" टिटवी ओरडली.

पावलं लांब गेली.

तिला ते खरंच वाटेना. ती मला म्हणते, "त्या क्षणी मला भुताची भीती वाटलीच नाही रे. सरांनी आपल्याला आत टाकून कडी लावली, एवढंच डोक्यात घुमत होतं." कुंपणानेच शेत खाल्लं, मग दाद मागायची कुणाकडे?

खिडकीला गज होते. दोघी दारावर धावल्या. दोन्ही हातांनी थापा मारू लागल्या. टिटवीच्या थापा, गोटीच्या थापा...

आणि दोघींच्या मधून, जरा खालून, आणखी कुणाच्या तरी.

टिटवीने हात थांबवले. गोटीनेही थांबवले.

थापा चालूच होत्या.

घाईच्या नव्हत्या त्या. दमलेल्या होत्या. खूप वेळ दार बडवून बडवून हात दुखायला लागल्यावर माणूस मारतो, तशा.

मग अगदी शेजारून, बारीक आवाज आला, "सर... उघडा ना..."

नंतरचं टिटवीला नीट आठवत नाही. दार उघडलं तेव्हा समोर शिपाईकाका होते. कडी त्यांनीच काढली होती. त्यांनी दोघींकडे पाहिलं, मग मागे खोलीत पाहिलं.

"तिसरी कुठंय?" त्यांनी विचारलं.

मागे खोली रिकामी होती. काकांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ते किल्ल्या तिथेच टाकून निघून गेले.

सोमवारी मोठ्या बाईंच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावणं आलं. टिटवी निर्धास्त होती. आपण खरं बोलतोय, तीन माणसं साक्षीला आहेत, मग काळजी कसली?

सर पहिले बोलले. आवाज नेहमीचा, समजूतदार. "बाई, मी तर ऑफिसातच होतो. मुलींनी मस्ती करताना भिंग फोडलं. मार बसेल म्हणून ही गोष्ट रचली."

बाईंनी शिपाईकाकांना विचारलं, "कडी बाहेरून होती का हो?"

काका फरशीकडे बघत म्हणाले, "दार फुगलंय बाई. अडकलं असंल नुसतं."

टिटवीने गोटीकडे पाहिलं. तिला अजूनही धीर होता. गोटी होती ना!

गोटीने मान वर केली नाही. "मला काहीच दिसलं नाही, बाई. हीच म्हणाली, आपण असं सांगू या."

पहिलीपासून एका बाकावर बसलेली पोरगी, आणि तिने असा केसाने गळा कापला. टिटवीला रडूही आलं नाही. बाहेर मुलं कवायत करत होती, त्यांचे आकडे तेवढे ऐकू येत होते.

बाई तशा वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "हे बघ बाळ, खोटं बोललीस एवढं कबूल कर. विषय संपला. शिफारशीत तुझंच नाव आहे, हो ना सर?"

"आहे की," सर म्हणाले. "हुशार मुलगी आहे. फक्त कबूल करू दे."

म्हणजे सगळं तिच्या एका शब्दावर होतं. तो शब्द खोटा, एवढीच अडचण.

टिटवी म्हणाली, "मुलगी होती. एका पायात बूट नव्हता. आणि ते सरांना आधीच माहीत होतं."

सरांनी गोटीच्या खांद्यावर हात ठेवला.

शिफारस गोटीला मिळाली.

टिटवी मशीनवर बसली. आतोबांनी शब्द पाळला, आणि तिने कुरकुर केली नाही. त्या सगळ्यात शब्द पाळणारे तेवढे हे दोघेच निघाले म्हणायचे. पुढे दुकान तिच्याच नावावर झालं, हात चांगला बसला, लांबून बायका यायला लागल्या. पण ती विज्ञानाच्या पुस्तकाला पुन्हा कधी शिवली नाही.

मागच्या वर्षी दुकानात एक बाई आली. गोल, ठेंगणी. केस पिकायला लागलेले.

गोटी.

ती आता त्याच शाळेत विज्ञान शिकवते. सर निवृत्त होत होते, त्यांच्या निरोप समारंभात ती भाषण करणार होती. त्यासाठी ब्लाउज शिवायचा होता. गावात दुसरे शिंपी नव्हते असं नाही. तरी ती इथेच आली.

गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. टिटवीने टेप घेतली. खांदा, छाती, उजवी बाही.

"आता डावा हात सरळ करा."

"डावा राहू दे," गोटी घाईने म्हणाली. "उजव्यावरूनच काप."

टिटवीने तेव्हा नीट पाहिलं. गोटीचा डावा हात अंगापासून जरा लांब होता. बोटं अर्धवट मिटलेली... लहान मुलाला हाताला धरून चालताना मिटतात तशी.

आत काहीच नव्हतं.

टिटवीने तरीही टेप खांद्यापासून खाली सोडली. टेप मनगटाच्या खाली गेली... आणि मध्येच अडली. कशावर तरी. हवेतच.

ते गार होतं.

"त्या सोमवारी ऑफिसातून बाहेर पडले, तेव्हापासून," गोटी खालच्या आवाजात म्हणाली. "सोडत नाही गं. झोपेतसुद्धा."

"म्हणजे ती खरंच होती, हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"आणि सर?"

"सर ज्या खोलीत असतील, तिथे ती आत येत नाही. मला दारातच ओढून धरते. घाबरते त्यांना अजून. त्यांनीच कोंडलं होतं ना तिला त्या खोलीत."

"आणि समारंभात त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलणारेस?"

गोटी दुकानाच्या दोन पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबली, डावीकडे वळून बघितलं, आणि बारक्या पोरीला जमेल एवढ्या चालीने रस्ता ओलांडून गेली.

टिटवीने मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, भीतीने. म्हणून मी म्हटलं, "बरं झालं की! तुझ्या मागे तर नाही लागली."

तिने डोळे पुसले.

"मी तिच्यासाठी बोलले रे," ती म्हणाली. "सगळं घालवून बसले. सरांनी दगा दिला, गोटीने दिला, काकांनी दिला, ते मी गिळलं. माणसं आहेत, घाबरली असतील... पण तिने? तिनेसुद्धा हात धरला तो गोटीचाच?"